अंबूची वाट

अंबू पौषात गेली. त्यानंतर आलेला हा पहिला उन्हाळा.

आमचं घर कळंब्याच्या अंगाला आहे. विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी आणि वर पत्रा. पत्र्याचं घर म्हटलं की लोक आधी तोंड वाकडं करतात. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजून निघतं, हे खरंही आहे. पण आमच्या घरात तसं कधी झालं नाही. मी फौंड्रीत भट्टीवर होतो. दिवसभर लोखंडाच्या रसापुढं उभं राहून संध्याकाळी घरी यायचो आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला की डोळे आपोआप मिटायचे, इतकं आत गार असायचं. गल्लीतल्या बायका दुपारी गहू निवडायला आमच्याकडं यायच्या. स्लॅबच्या घरात राहणारी माणसं "अंबूबाईच्यात जाऊन जरा पडतो" म्हणायची. हे सुट्टीच्या दिवशी माझ्या कानावर यायचं आणि छाती फुगायची. माझ्या बायकोचं घर, असं मी फौंड्रीत सांगायचो.

ती ते कसं करायची हे मात्र मला पुरतं माहीत नव्हतं. मी दिवसा घरी नसायचोच.

आमची एकुलती एक लेक संयोगिता राजारामपुरीत दिली आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दोन खोल्यांत एसी. जावई धैर्यशील भला माणूस आहे. संयूला दिवस गेले तेव्हा अंबू अंथरुणावर होती, तरी तिनं पडल्या पडल्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी करून घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी. आपल्यात तसंच असतं. अंबूच्या तोंडात शेवटी शेवटी तेवढंच होतं, पोरगी चैत्रात येईल, वैशाखात मोकळी होईल. आणि जायच्या आधी दोन-तीनदा माझा हात धरून म्हणाली, "उन्हाळ्यात वाट उघडी ठेवा हं. दुपारी बंद करू नका."

बाहेर थंडी होती. मी म्हटलं, ठेवतो.

ती गेल्यावर पोरीला माहेरी कोण आणणार, असं सगळे धरून चालले होते. घरात बाईमाणूस नाही. मी म्हटलं, मी आणणार. मुरगूडची माझी थोरली बहीण आक्का येते म्हणाली होती, पण तिच्या नातवाच्या साखरपुड्यात ती अडकली होती. मी वाट बघत बसलो नाही. चैत्र लागल्यावर रिक्षा केली आणि संयूला घेऊन आलो. आठवा महिना चालू होता.

मला आठवत होतं तेवढं मी आधीच करून ठेवलं होतं. शेजारच्या मळ्यातून उसाचा पाला आणून पत्र्यावर अंथरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून काथ्याच्या दोरीनं बांधला. सकाळी त्यावर पाणी मारायचो. पश्चिमेच्या भिंतीवर अंबू माघात दोडक्याचा वेल चढवायची, तो यंदा कुणी लावला नव्हता. म्हणून कडब्याच्या पेंढ्या आणून भिंतीला उभ्या लावल्या. पश्चिमेच्या खिडकीला पोतं भिजवून टांगलं. माठाला ओलं फडकं गुंडाळलं. आणि समोरचं दार दिवसभर उघडं ठेवलं. अंबूनं सांगितलं होतं म्हणून. मी समजलो होतो की पोरगी माहेरी येणार, तिच्यासाठी दार लावू नका, असं ती म्हणत होती. भर दुपारी समोरच्या डांबरी रस्त्यावरून गरम झळा आत यायच्या, पण मी काही दार लोटलं नाही.

घर काही गार होईना. उलट आतल्या खोलीत असा दमट उकाडा धरायचा की न्हाणीत चूल पेटवल्यासारखं वाटायचं. संयूच्या कपाळावरचा घाम खळत नव्हता. पाय सुजले होते. तक्रार तिनं केली नाही. मी विचारलं की "बरं हाय की आबा" म्हणायची आणि पंख्याखाली कूस बदलायची.

अशा एका दुपारी तिच्या सासूबाई आल्या. शालूबाई. मूळच्या शाहूवाडीच्या, आता राजारामपुरीत रुळलेल्या. बोलायला तोफ, मनानं वाईट नव्हे. दारातच त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पावणं, घर हाय का गुऱ्हाळ?"

"बसा की इनबाई. पाणी घ्या."

"पाणी नगं, पोरगी दावा." त्या आत गेल्या, संयूच्या कपाळाला हात लावला, पायावर बोट दाबून बघितलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. बाहेर येऊन माझ्या समोर बसल्या आणि आवाज खाली आणला. "ह्ये बघा, तुमचं मन मला कळतंय. अंबूबाई असत्या तर मी तोंड उघडलं नसतं. पण पोरगी उकडून निघाय लागलीया. मी न्हेते तिला. तुमी रोज या, दोन वक्ताचं जेवण तिकडंच करा."

"पयलं बाळंतपण हाय, इनबाई."

"मग काय भाजून काढताय तिला? लोकं काय म्हणतील त्यापायी?"

"लोकांचं मी काय ऐकत न्हाय. तिच्या आईनं ह्याच घरात तिला वाढवलंय. ह्याच पत्र्याखाली. तवा कदी पोरीला घामोळं आलं न्हाय."

"तवा तिची आई हुती," शालूबाई म्हणाल्या.

त्यांना लागेल असं बोलायचं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच मान खाली घातली. पण बोलणं खरं होतं. मग आतून संयूचा आवाज आला, "आत्ती, चार दिवस थांबूया की. आक्काआत्या यायला लागल्यात."

शालूबाईंनी थोडा विचार केला. "बरं. रविवारी येते. जेवणं झाली की येते आणि चारपतोर हितं बसते. मला घाम आला तर पोरगी गाडीत बसवणार. मग पावणं, तुमी आडवं यायचं न्हाय."

"न्हाय येणार."

"बॅग भरून ठेव गं संयू," त्या जाताना म्हणाल्या.

पोरीनं त्या रात्री बॅग भरली. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. ती बॅग दाराशी आली की हे घर फक्त माझं उरणार होतं. म्हाताऱ्या माणसाची चहा करायची जागा. अंबूनं ज्यासाठी शेवटपर्यंत जीव धरला होता, ते दुसऱ्याच घरात होणार होतं. तिचं घर पोरीला राहण्याजोगं नाही असा शिक्का बसणार होता, आणि तो मला बघवला नसता.

दुसऱ्या दिवशी मी चवताळल्यासारखा कामाला लागलो. आणखी पाला आणला. पोती वाढवली, सगळ्या खिडक्यांना टांगली. फरशीवर बादल्या ओतल्या. दुपारपर्यंत घरात वाफ दाटली. संयू उठून दारात जाऊन बसली आणि तिथं तिला उन्हाची झळ लागायला लागली.

तेवढ्यात आक्का आली. मुरगूडच्या एसटीतून उतरून डोक्यावर पिशवी घेऊन चालत. दारातच थांबली.

"जोत्या, ह्ये दार कशाला सताड उघडं टाकलंयस? सगळी झळ आत घ्याय लागलायस की!"

"ऱ्हाऊदे ते. अंबूनं सांगितलंय."

"काय सांगितलंय अंबूनं?"

"वाट उघडी ठेवा म्हणाली. दुपारी बंद करू नका म्हणाली."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग पिशवी खाली ठेवून तिनं आधी दार लोटलं.

"आगं, बंद काय करतीस?"

"आरं येड्या, दार न्हवं. वाट!"

"दार म्हणजे वाटच की."

"वाट म्हणजे वाट! धुराची वाट! सैपाकघरातली. कुठं हाय ती? बंद केलीयास न्हवं?"

आमच्या स्वयंपाकघरात आढ्याजवळ धुराडं आहे. पूर्वी चूल होती तेव्हाचं. पत्रा कापून वर उचललेला, त्याला झाकण, आणि झाकणाला बांधलेली दोरी खाली भिंतीवरच्या खिळ्यापर्यंत. गॅस आला तशी चूल गेली, धूर गेला. मला ते धुराडं निकामी वाटायचं. अंबूच्या दिवसकार्याला घरात माणसं होती तेव्हा तिथून मांजर उतरायला लागलं, म्हणून मी झाकण ओढून दोरी पक्की बांधून टाकली होती.

"अंबू त्याला वाटच म्हणायची," आक्का म्हणाली. "चूल हुती तवा धुराची वाट म्हणायची. धूर गेला, वाट ऱ्हायली. माझं पोटाचं आपरेशन झालं त्या साली मी हितंच हुते न्हवं वैशाखात? मी आन ती दुपारभर हितं पडायचो. दार झाकायची, रस्त्याकडच्या खिडक्या झाकायची, मावळतीच्या खिडकीला एकच पोतं, आन ही दोरी सोडायची. म्हणायची, आक्का, उकाड्याला बी जायाला वाट नगं व्हय?"

आक्कानं स्वतः दोरी सोडली नाही. बाजूला झाली. "सोड तू," म्हणाली.

मी दोरी सोडली. गाठ माझीच होती, घट्ट बसली होती, नखानं काढावी लागली. झाकण वर उघडलं आणि आढ्याखाली कोंडलेली सगळी गरम हवा एकदम वर गेली. ती दिसली नाही, पण कोपऱ्यातली कोळिष्टकं वरच्या दिशेला ताणली गेली. मग पश्चिमेच्या खिडकीवरचं पोतं आतल्या बाजूला फुगलं. भिजलेल्या तागाचा वास घरभर आला.

तो वास. भट्टीवरून घरी आल्यावर मला रोज यायचा तो.

मी तिथंच फरशीवर बसलो. आक्कानं बाकीच्या खिडक्यांवरची पोती काढली, बाहेर नेऊन पिळली आणि कुंपणावर टाकली. बऱ्याच वेळानं आतून संयू म्हणाली, "आबा, आई हितंच झोपायची बघा दुपारी. ह्याच जागेला." मी बघितलं तर संयू खिडकी आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मधल्या पट्ट्यात चटई टाकून आडवी झाली होती. वाऱ्याच्या बरोबर वाटेत. झोप लागत आली होती तिला.

अंबूचं डोकं जाताना फिरलं होतं असं मला वाटलं होतं. थंडीत उन्हाचं बोलते म्हणून मी तिच्या अंगावर आणखी एक गोधडी घातली होती. ती शुद्धीवर होती. मला घर कसं चालवायचं ते सांगत होती.

पुढचे दिवस आक्कानं मला आठवेल तसं एकेक शिकवलं आणि काही आम्ही दोघांनी चुकत चुकत बसवलं. ऊन चढायच्या आधी रस्त्याकडची दारं-खिडक्या झाकायच्या. संध्याकाळी वारा फिरला की सगळं घर उघडं टाकायचं. पोतं चिंब नको, पिळून टांगायचं, म्हणजे वारा आरपार येतो. फरशीवर बादली ओतायची नाही, नुसतं फडकं फिरवायचं. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवून आंबील करायची आणि ती माठाशेजारी वाळूत ठेवायची. पोरीचे पाय संध्याकाळी पाटावर उंच ठेवायचे. हे शेवटचं डॉक्टरबाईंनीही सांगितलं होतं, आम्ही तपासायला नेलं तेव्हा. सूज बरीच उतरली.

शेजारचे बाळासो पत्र्यावरचा पाला बघून म्हणाले, "जोतीराम, यंदा बी केलंयस व्हय? मला वाटलं अंबूबाई गेल्या, आता आमचं दुपारचं बसायचं बंद."

"या की बसायला," मी म्हटलं. "कोण नगं म्हणतंय?"

रविवार उजाडला तो कडक. शालूबाई शब्दाला जागून जेवणानंतर आल्या. धैर्यशीलनं त्यांना गाडीतून सोडलं आणि चारला येतो म्हणून टायर बसवून घ्यायला गेला. मी दार उघडलं, त्यांना आत घेतलं आणि लगेच लावून घेतलं. त्या अंधारात डोळे बारीक करून उभ्या राहिल्या.

"दार कशाला लावताय पावणं? कोंडून मारताय व्हय मला?"

"बसा तरी."

त्या चटईवर बसल्या. पदर हातात धरून ठेवला होता, घाम पुसायच्या तयारीत. संयू भिंतीला टेकून बसली. तिची बॅग दाराच्या आत उभी होती. आक्कानं आंबिलीचा तांब्या आणला.

"इनबाई, घ्या."

"मला साखरेचं काय चालत न्हाय."

"मीठ घातलंय, साखर कुठली घालता आंबिलीत? राजारामपुरीत घालत्यात व्हय?"

"आक्का, मी शाहूवाडीची हाय, मला आंबील शिकवू नगा." त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा घेतला. "हिंग कमी हाय."

"आन तुमच्या त्या गार यंत्राम्होरं बाळंतिणीला बसवायला न्हेणार हुता न्हवं?" आक्का आता सुटली. "कानात कापूस, डोक्याला फडकं, आन म्होरं यंत्र. थंडी वाजली की शेगडी. शेगडीनं उकडलं की यंत्र!"

"आमच्यात यंत्र कमीवरच ठेवत्यात."

"कमीवर बी गारच की ते."

संयू हसत होती. मी हसलो नाही. माझं लक्ष शालूबाईंच्या कपाळावर होतं. खरं सांगायचं तर माझ्याच कपाळाला घाम आला होता.

थोड्या वेळानं त्या उठल्या. मला वाटलं, झालं. पण त्या भिंतीपाशी गेल्या आणि पालथा हात टेकवून बघितला. मग पोत्यापाशी गेल्या, त्यातून आत येणाऱ्या वाऱ्यात हात धरला. मग खाली बघितलं.

"ह्ये काय? पोत्याचं पाणी गळून फरशी ओली झालीया. गरवार बाई हितनं रात्री उठून जाणार, पाय निसटला म्हणजे?"

आक्कानं आणि मी एकमेकांकडं बघितलं. हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"परात हाय का मोठी?" शालूबाईंनी स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन परात शोधली आणि पोत्याखाली सरकवली. "आमच्या घरावर भाताचा पेंढा असायचा. ह्यो एवढा जाड. आई खिडकीला वाळ्याची ताटी लावायची, आन खाली परात. त्या परातीतलं पाणी आमी पोरं तोंडाला लावायचो. वाळ्याचं पाणी लई ग्वाड." त्या परातीपाशीच खाली बसल्या. "म्हातारी जाऊन किती वर्सं झाली. कुणी इचारलं बी न्हाय मला ह्यातलं काय. मी बी इसारले."

"अंबूला बी कुणी इचारलं न्हाय," मी म्हटलं. "मी बी न्हाय. पण ती सांगून गेली."

मग मी त्यांना ते सांगितलं. उघडी वाट, मी दार उघडं ठेवून बसलो होतो ते, सगळं. आक्का ऐकताना हसली. शालूबाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरात वर मान करून धुराडं बघितलं. पत्र्याच्या कडांना अजून चुलीची काजळी आहे.

"म्हणजे शेवटच्याला ती पोरीच्या उकाड्याचं बोलत हुती," त्या म्हणाल्या.

"व्हय."

संयू आडवी झाली. आक्कानं तिच्या पायाखाली उशी सारली आणि स्वतःही बाजूला कलंडली. शालूबाई परातीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर हातातून सुटून मांडीवर पडला होता. जरा वेळानं त्यांचं डोकं खांद्यावर आलं, आणि मग त्या सरळ चटईवर आडव्या होऊन घोरायला लागल्या. चांगल्या मोठ्यानं.

मी उंबऱ्याच्या आत बसून तीन बायकांना झोपलेलं बघत होतो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पत्रे तापून कडकड वाजत होते, शेजारच्या स्लॅबवरच्या एसीचं डबडं घरघरत होतं. आणि इथं माझ्या पोरीनं अंगावर पातळ चादर ओढून घेतली होती. हे घर भट्टीवरच्या माणसासाठी गार ठेवलेलं घर आहे. त्यात आता माझं नातवंड येणार होतं. फौंड्रीतली माणसं तिथं असती तर मी एकेकाला हाताला धरून आणून दाखवलं असतं.

चार वाजून गेले आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग परत. शालूबाई दचकून उठल्या, केस सारखे करत दाराशी गेल्या, दार फटीएवढं उघडलं.

"आरं हॉर्न कशाला वाजवतोस? पोरगी झोपलीया!"

"बॅग न्यायची न्हवं?" धैर्यशील गाडीतूनच म्हणाला.

"कुठली बॅग?" त्यांनी पायानंच बॅग आत सारली. "जा घरला. आन सांच्याला येताना माझ्या दोन साड्या आण, बीपीच्या गोळ्या आण. आठ दिस ऱ्हाणार हाय मी हितं. ह्यांच्यात हिंग बी धड न्हाय, हिंगाची डबी आण."

"आई, आन एसी? तुला झोप येत न्हाय म्हणतीस न्हवं त्याशिवाय?"

"तुझ्या एसीत तूच झोप," शालूबाई म्हणाल्या आणि ऊन आत यायच्या आधी दार लावून घेतलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "पावणं, पोतं सुकाय लागलंय. पाणी कुठं ठेवलंय?"